मर्सिडीजचं नवीन मॉडेल आणि आपल्या दुकानातला नवीन माल : चाकणच्या कारखान्याकडून शिकायच्या ५ गोष्टी



मागच्या बॅचमध्ये मी मर्सिडीजचं उदाहरण दिलं तेव्हा पाथर्डीचे एक दुकानदार हसत म्हणाले, "सर, आमच्याकडं स्कूटीचा हप्ता थकलाय आणि तुम्ही मर्सिडीज शिकवताय?" सगळा वर्ग हसला. मीही हसलो. पण प्रश्न बरोबर होता, म्हणून त्याचं उत्तर आज सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट. ही गाडी आपल्याला वाटते तेवढी लांबची नाही. नगरहून शिरूरमार्गे शिक्रापूरला जायचं, तिथून उजवीकडं चाकणला वळायचं. शंभरेक किलोमीटरवर मर्सिडीज-बेंझचा कारखाना आहे. २००९ पासून भारतातल्या बहुतेक मर्सिडीज गाड्या तिथंच जुळवल्या जातात. आणि दुसऱ्या बाजूला, आपल्या शेजारच्या औरंगाबादेत (आजचं छत्रपती संभाजीनगर) ऑक्टोबर २०१० मध्ये उद्योजक, डॉक्टर, व्यावसायिकांनी एकत्र येऊन एका दिवसात १५० मर्सिडीज घेतल्या होत्या. साधारण ६५ कोटींचा सौदा. म्हणजे कारखाना एका बाजूला, गिऱ्हाईक दुसऱ्या बाजूला आणि मधे आपण. मग शिकायला काय हरकत आहे?

पण शिकायचं काय? गाडीत किती मोठा स्क्रीन आहे ते नाही. नवीन माल बाजारात आणताना धोका कसा सांभाळायचा, ते शिकायचं.

माझा बत्तीस हजारांचा टीव्ही

हे मला इतकं महत्त्वाचं का वाटतं, तर माझा स्वतःचा चटका. माझं दुकान मिक्सर, शेगडी, कुकर आणि किचनच्या वस्तूंचं. एका दिवाळीच्या आधी डिस्ट्रिब्यूटरचा माणूस आला. "एअर फ्रायर घ्या शेठ, पुण्यात पुरत नाहीये. ३६ पीस उचलले तर टीव्ही फ्री." मी उचलले. ३,४०० रुपयांनी ३६ पीस, म्हणजे १,२२,४०० रुपये.

दिवाळीत विकले ९. उरले २७. म्हणजे ९१,८०० रुपये माळ्यावर. वर्षभरात ऑनलाइन भाव इतका पडला की मला उरलेले २,६०० ने काढावे लागले. पीसमागं ८०० चा तोटा, २७ पीसचे झाले २१,६००. त्यात सीसी खात्याचं ११ टक्क्यांनी वर्षाचं व्याज धरा, सुमारे १०,१००. एकूण जवळपास ३२ हजार रुपये गेले. टीव्ही घरी आला तेव्हा बायको एवढंच म्हणाली, "बघा, फुकटचा टीव्ही बत्तीस हजाराला पडला."

त्यानंतर मी ठरवलं, नवीन माल आणणाऱ्या मोठ्या कंपन्या हे कसं करतात ते नीट बघायचं. बघता बघता चाकणवर येऊन थांबलो.

१. जुना माल नवीन म्हणून खपत नाही

सुरुवात त्यांच्या चुकीपासून करू, कारण चूक मोठ्यांचीही होते.

मर्सिडीज भारतात कंपनी म्हणून आली १९९४ मध्ये. टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, हिच्यासोबत. १९९५ पासून पिंपरीत ई-क्लास जुळवायला सुरुवात झाली. पण कोणती ई-क्लास? डब्ल्यू-१२४ नावाची पिढी, जी युरोपात १९८४ पासून विकली जात होती. आणि त्याच १९९५ मध्ये जर्मनीत तिच्या जागी चार गोल दिव्यांची नवीन ई-क्लास आली! गाडी उत्तम होती, आजही जाणकार तिला मजबुतीसाठी मानतात. पण त्या काळात एवढे पैसे मोजणारा माणूस परदेशात जाऊन आलेला होता. तिकडं नवीन मॉडेल रस्त्यावर आहे हे त्याला माहीत होतं. विक्री अपेक्षेपेक्षा बरीच कमी राहिली.

पुढं २००९ मध्ये बीएमडब्ल्यू पुढं निघून गेली, मग ऑडी. मर्सिडीजनं पहिला नंबर परत मिळवला २०१५ मध्ये, आणि त्या वर्षी त्यांचं धोरणच होतं '१५ मध्ये १५', म्हणजे २०१५ सालात १५ नवीन गाड्या. त्या वर्षी १३,५०२ गाड्या विकल्या.

आता आपल्याकडं बघा. "खेड्यातल्या गिऱ्हाइकाला काय कळतंय, मागच्या वर्षीचं मॉडेल खपवून टाकू," असं म्हणणारे दुकानदार आजही आहेत. अहो, गिऱ्हाईक दुकानात शिरायच्या आधी मोबाइलवर तीन व्हिडिओ बघून आलेलं असतं. जुना माल विकायचा तर जरूर विका, पण 'मागच्या वर्षीचं मॉडेल, म्हणून एवढा भाव कमी' असं तोंडानं सांगून विका. लपवून विकलात तर वस्तू जाईल, गिऱ्हाईकही जाईल.

२. आधी थोडा, मग जास्त

हा मुद्दा नीट वाचा, माझे ३२ हजार इथंच गेले.

परदेशी गाडी भारतात दोन प्रकारे येते. एक, पूर्ण तयार होऊन जहाजातून. दोन, सुट्या भागांचा संच आणून इथं जुळवणी. सरकारला इथं रोजगार हवा असतो, म्हणून दोन्हींवरची आयात ड्युटी फार वेगळी. २०२१ मध्ये ४० हजार डॉलरच्या वरच्या तयार गाडीवर १०० टक्के ड्युटी होती. इंजिन, गिअरबॉक्स आधीच जोडून आणलेलं नसेल, अशा सुट्या संचावर फक्त १५ टक्के.

मग कुणी म्हणेल, पहिल्या दिवसापासूनच चाकणला का नाही जुळवत? कारण जुळवणीसाठी लाइन बसवावी लागते, माणसं तयार करावी लागतात, पुरेशी संख्या लागते. गिऱ्हाईकच नसेल तर तो सगळा खर्च अंगावर.

म्हणून त्यांनी काय केलं बघा. नवीन एस-क्लास जून २०२१ मध्ये तयार गाडी म्हणून आणली. थोडी संख्या, किंमत २.१७ कोटींपासून. ऑक्टोबर २०२१ मध्ये चाकणला जुळवलेली एस-क्लास आली, १.५७ कोटींपासून. मधे फक्त चार महिने, आणि सुरुवातीच्या किमतीत ६० लाखांचा फरक. सगळा फरक ड्युटीचाच असं नाही, इंजिन आणि सोयीसुविधा थोड्या वेगळ्या होत्या. पण मोठा भाग तोच.

इलेक्ट्रिकमध्येही हीच चाल. ऑगस्ट २०२२ मध्ये ईक्यूएसचं एएमजी मॉडेल बाहेरून तयार आणलं, २.४५ कोटींना. सप्टेंबरअखेर चाकणला जुळवलेली ईक्यूएस ५८० आली, १.५५ कोटींना. मॉडेल वेगळं होतं, पण क्रम तोच : आधी बाहेरून थोडा माल, मग इथं जुळवणी.

आता माझा एअर फ्रायर घ्या. मी काय करायला हवं होतं? पुण्यातल्या होलसेलरकडून ४ पीस महाग घ्यायचे, समजा ३,७००ने. पीसमागं ३०० जास्त, म्हणजे एकूण १,२०० रुपये. हे १,२०० म्हणजे तोटा नाही मंडळी, ही बाजाराला प्रश्न विचारायची फी आहे. ४ पीस पंधरा दिवसांत गेले तर मोठी ऑर्डर. नाही गेले तर १,२०० रुपयांत ३२ हजार वाचले. टीव्ही नसता आला एवढंच.

३. गिऱ्हाईक कुठल्या सीटवर बसतं?

हा माझा सगळ्यात आवडता मुद्दा.

जर्मनीत ई-क्लास घेणारा माणूस बहुतेक वेळा स्वतः चालवतो. भारतात ती घेणारा बिल्डर, कारखानदार, डॉक्टर बऱ्याचदा मागं बसतो आणि पुढं ड्रायव्हर असतो. म्हणजे गाडीची किंमत ठरते मागच्या सीटवर! हे ओळखून मर्सिडीजनं २०१७ मध्ये भारतात लांब ई-क्लास आणली. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर १४० मिलिमीटरनं जास्त. ती सगळी जागा मागच्या माणसाच्या पायांना मिळाली. चीनसाठी अशी लांब गाडी होती, पण तिकडं स्टिअरिंग डावीकडं. उजव्या स्टिअरिंगची लांब ई-क्लास आधी भारताला मिळाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिची पुढची पिढी आली, तीही लांबच, ७८.५० लाखांपासून.

विचार करा, १४० मिलिमीटर म्हणजे जेमतेम वीत पण नाही. त्यासाठी काही नवीन शोध लावला नाही. फक्त गिऱ्हाईक कुठं बसतं एवढं नीट बघितलं.

माझ्या दुकानात एअर फ्रायरचा डेमो मी कशाचा देत होतो? फ्रेंच फ्राइजचा. कारण बॉक्सवर तेच चित्र होतं. माझ्या समोर उभी असलेली मावशी मनात म्हणत असणार, आमच्याकडं हे खातंय कोण? दुसऱ्या वर्षी मी डेमो बदलला. शेंगदाणे भाजून दाखवले, पापड भाजले, भरताचं वांगं भाजलं. मग प्रश्न यायला लागले, "किती शेंगदाणे बसतात एका वेळेला?" "लाइट बिल किती येईल?" असे प्रश्न यायला लागले म्हणजे समजायचं, गिऱ्हाईक आता मनातल्या मनात वस्तू घरी घेऊन गेलंय.

मिक्सरचंही तसंच. पैसे देतो मुलगा, वापरते आई. मुलाला वॉट सांगा, आईला भांड्याचं झाकण घट्ट बसतं का ते दाखवा. पैसे देणारा आणि वापरणारा वेगळा असेल तर दोघांशी बोला.

४. आजची चैन, उद्याची गरज

मर्सिडीजच्या इनोव्हेशनची एक गंमत आहे. नवीन गोष्ट आधी सगळ्यात महाग गाडीत येते आणि मग वर्षानुवर्षं खाली उतरत जाते.

एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊन गाडी घसरू नये अशी यंत्रणा. १९७८ मध्ये बॉशसोबत काम करून मर्सिडीजनं ती एस-क्लासमध्ये दिली. ड्रायव्हरची एअरबॅग १९८१ मध्ये, तीही एस-क्लासमध्येच. त्या वेळी ही कोट्यधीशांची चैन होती. आणि आज? भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची आहे. तुमच्या माझ्या छोट्या गाडीतही आहे. उतरायला चाळीस वर्षं लागली, पण उतरलं.

आता उतरण्याचा वेग वाढलाय. मार्च २०२५ मध्ये कंपनीनं जगासमोर आणलेली नवीन सीएलए बघा. ८०० व्होल्टची बॅटरी यंत्रणा, युरोपच्या चाचणीप्रमाणे एका चार्जमध्ये ७९२ किलोमीटरपर्यंत, आणि योग्य फास्ट चार्जरवर १० मिनिटांत ३२५ किलोमीटरपर्यंतचं चार्जिंग. गाडीचं सॉफ्टवेअर कंपनीचं स्वतःचं, एमबी.ओएस नावाचं. आणि लक्षात घ्या, हे सगळं त्यांनी पहिल्यांदा एस-क्लासमध्ये न देता लहान गाडीत दिलं. म्हणजे शिडीची वरची पायरीच त्यांनी या वेळी सोडून दिली.

दुकानदारानं यातून काय घ्यायचं? नवीन तंत्राची वस्तू आली की दोन प्रश्न विचारायचे. ही शिडीवर आत्ता कुठल्या पायरीवर आहे? आणि किती वेगानं खाली येतेय? भाव झपाट्यानं उतरणाऱ्या वस्तूचा साठा करणं म्हणजे उन्हात बर्फाची लादी विकत घेऊन ठेवणं. माझ्या एअर फ्रायरचं हेच झालं. वस्तू चांगली होती, पण भाव उतरत होता आणि मी साठा करून बसलो. अशी वस्तू कमी ठेवा, वारंवार मागवा. कुकर, कढई, तवा यांचा भाव असा कोसळत नाही, तिथं स्कीममध्ये थोडा जास्त माल घेतला तर चालतं.

५. माल कोणाचा, धोका कोणाचा?

आता सगळ्यात मोठी गोष्ट. आणि ही गाडीत नाही, विकण्याच्या पद्धतीत आहे.

आधीची पद्धत आपल्याला पाठ आहे. डीलर कंपनीकडून माल विकत घेतो, बँकेचे पैसे अडकवतो, शोरूममध्ये ठेवतो, आणि महिनाअखेर टार्गेटसाठी डिस्काउंट देत सुटतो. गिऱ्हाईक पुण्याचं कोटेशन मुंबईला दाखवतं, मुंबईचं नाशिकला. "तिकडं तर कमी सांगितलं!" हे वाक्य आपण रोज ऐकतो, ते कोटीच्या गाडीलाही सुटलेलं नव्हतं.

ऑक्टोबर २०२१ पासून मर्सिडीजनं भारतात हे बदललं. नाव दिलं 'रिटेल ऑफ द फ्युचर'. आता माल कंपनीचा. बिल कंपनी थेट गिऱ्हाइकाच्या नावानं करते. एक्स-शोरूम किंमत देशभर एकच (रोड टॅक्स राज्याप्रमाणे बदलतो, तो वेगळा). डीलर आता 'फ्रँचायझी पार्टनर'. तो गाडी दाखवतो, चालवायला देतो, डिलिव्हरी देतो, सर्व्हिस करतो आणि त्याचं कमिशन घेतो. साठ्यात पैसा अडकत नाही.

मंडळी, हे ऐकून जुना व्यापारी काय म्हणेल माहितीय? "अहो, हा तर जांगड व्यवहार!" अगदी बरोबर. सराफ बाजारात, कापड बाजारात पिढ्यान् पिढ्या चाललंय. माल दुकानात ठेवा, विकला तर पैसे द्या, नाही तर माल परत. नाव इंग्रजी झालं, सॉफ्टवेअर आलं, पण गाभा आपल्या आजोबांच्या जांगड वहीतलाच आहे.

याचा विक्रीवर काय परिणाम? २०२१ मध्ये ११,२४२ गाड्या, २०२२ मध्ये १५,८२२, २०२३ मध्ये १७,४०८, २०२४ मध्ये १९,५६५. पण हे श्रेय एकट्या या पद्धतीचं नाही हं. कोविडनंतर बाजारच वर आला होता, नवीन मॉडेलही आली होती. एवढं मात्र खरं, की एकच भाव ठेवला म्हणून गिऱ्हाईक पळून गेलं नाही.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर अर्धवट शिकवल्यासारखं होईल. जांगडमध्ये मार्जिन कमी मिळतं. भाव ठरवायचा अधिकार जातो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बिल कंपनीनं केलं की गिऱ्हाइकाचं नाव, नंबर, खरेदीचा इतिहास कंपनीकडं जातो. उद्या कंपनीला तुमची गरज वाटली नाही तर? म्हणून जांगड घ्या, पण गिऱ्हाइकाची वही तुमचीच ठेवा. बिल तुमच्या दुकानाचं, व्हॉट्सॲप नंबर तुमच्याकडं, सर्व्हिसला माणूस तुमचा.

मी काय केलं

पहिलं, डिस्ट्रिब्यूटरला स्पष्ट सांगितलं : नवीन वस्तू असेल तर जांगडनं द्या, मार्जिन दोन टक्के कमी चालेल. एकानं नाही म्हटलं, दुसऱ्यानं हो म्हटलं. विचारल्याशिवाय कुणी देत नाही.

दुसरं, औरंगाबादकरांची युक्ती. श्रीरामपूर, संगमनेर, राहुरी आणि नगर मिळून आम्ही पाच दुकानदार एकत्र आलो. नवीन मॉडेलची ऑर्डर एकच, २५ पीसची, आणि वाटणी पाच-पाच. भाव होलसेलचा, धोका पाचाचा. एकाकडं खपलं नाही तर दुसरा उचलतो.

तिसरं, 'एकच भाव' अशी पाटी लावली. खरं सांगतो, पहिल्या महिन्यात दोन जुनी गिऱ्हाइकं रुसली. घासाघीस हा आपल्याकडं नुसता पैशाचा विषय नाही, मानाचा विषय आहे. मग मी भाव तसाच ठेवला, पण जुन्या गिऱ्हाइकाला पहिली सर्व्हिस घरी येऊन मोफत द्यायला लागलो. मान राहिला, भावही राहिला. बाकी तुमच्या पेठेत हे चालेल का, ते तुम्हीच ठरवा. मर्सिडीजमागं जगभरचं भांडवल आहे. आपल्यामागं सीसी खातं आहे. डोळे झाकून नक्कल करायची नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

१. दुकानातल्या प्रत्येक मालापुढं खरेदीची तारीख लिहा. १८० दिवसांपेक्षा जुना माल वेगळ्या पानावर. त्याची बेरीज करा. ती रक्कम बघून झोप उडाली तर काळजी करू नका, माझीही उडाली होती.

२. त्या बेरजेवर तुमच्या बँकेच्या दरानं वर्षाचं व्याज काढा. तो तुमचा 'फुकटचा टीव्ही'.

३. येत्या सणाला आणायच्या कुठल्याही एका नवीन वस्तूसाठी आधी फक्त चार पीस आणा, आणि डेमो आपल्या घरातल्या पदार्थाचा द्या.

४. किमान एका सप्लायरला जांगडबद्दल विचारा. जास्तीत जास्त काय होईल, नाही म्हणेल.

आणि पाथर्डीच्या त्या भाऊंना उत्तर : स्कूटीचा हप्ता थकला तो विक्री कमी झाली म्हणून का, पैसा माळ्यावर अडकला म्हणून? एकदा वर चढून बघा. तिथं काय सापडलं ते कमेंटमध्ये लिहा, पुढच्या व्हिडिओत तो पडून राहिलेला माल कमीत कमी तोट्यात कसा काढायचा ते आकड्यांसह दाखवतो.

भेटूया. तोपर्यंत हिशोब रोजच्या रोज!